ग्रिप

बाभूळखेडच्या पट्टीवर सकाळी साडेसहाला
पंखांवर दव असतं, आणि निळकंठभाऊ
टाकीखालचा खटका दाबून
काचेच्या नळीत बोटभर इंधन काढतात.
निळसर. उजेडाकडे धरतात.
पाणी असेल तर ते तळाशी बसतं,
साबुदाण्याएवढं, गप्प.

असेल तर.

मी इथे आल्यापासून दोनशे अकरा वेळा पाहिलं.
दोनशे अकरा वेळा नुसतं निळं.

म्हणून त्या दिवशी म्हटलं, भाऊ, राहू द्या,
कालच तर बघितलं, रात्रभर उभंच होतं ते.
धुकं आत्ता कुठे तुरीवरून उठत होतं,
यवतमाळवरून वळसा घालून मला नऊच्या आत परतायचं होतं,
आणि शार्दूल ठवकरच्या तासांची बेरीज
माझ्यापुढे गेली होती.
(शार्दूल काही तास पेनाने उडतो.
सगळ्यांना माहीत आहे. वहीत वारा नसतो.)

भाऊ वाद घालत नाहीत.
खाकी शर्टाच्या खिशातून त्यांनी
चिनीमातीची एक ग्रिप काढली,
डीपीवर असते ती, पांढरी, कडेला जळून काळी,
आणि पंखावर ठेवली.

"आधी मी लाईनमनच्या हाताखाली होतो, ताई.
तो खांबावर चढला का आपन ग्रिप उपसाची अन् खिशात ठेवाची.
डीपीवर नाई ठेवाची. धुऱ्यावर नाई. कोनाच्या हातात नाई.
खिशात.
सतरा वर्स खिशात ठेवली, काहीच नाई झालं.
एक दिवस गवतात ठेवली. खिसा फाटेल होता.
कोन्या भल्या मानसाले वाटलं, पडली असंन,
मोटर बंद हाय, लावून देतो."

वर कोण होतं, हे त्यांनी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

नळी मी माझ्या हाताने भरली.
पाणी नव्हतं.
हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण गोष्टीत असतं.
गोष्टीत तळाशी थेंब सापडतो, मुलगी शहारते,
आणि ऐकणाऱ्याचं समाधान होतं.
इथे फक्त निळं होतं, दोनशे बारावं,
आणि बोटांना गार, उग्र वास.

मग यादी. मोठ्याने, एकटीच,
शेजारच्या रिकाम्या सीटला ऐकू जाईल अशी:
पट्टा. दार. इंधन. होकायंत्र. फ्लॅप.
पूर्वी ही मला पाढ्यासारखी यायची,
म्हणजे तोंड म्हणायचं आणि डोळे खिडकीबाहेर.
त्या दिवशी एकेका ओळीवर बोट ठेवत गेले.

परत येताना, चारशे फुटांवर असताना,
पट्टीच्या मधोमध एक रोही उभा.
पट्टी लांब होती. तो कडेला सरकतही होता.
उतरता आलं असतं. शार्दूल उतरला असता,
आणि रात्री मेसमध्ये त्या रोह्याला
आणखी चार रोही जोडले गेले असते.
मी थ्रॉटल पुढे सारला आणि वर गेले.
खाली कापूस वेचणाऱ्या बायांनी माना वर केल्या,
एकीने ओटी सावरत हात हलवला.
तिला वाटलं असेल, पोरीला उतरणं जमलं नाही.
वाटू दे.

दुसऱ्या फेरीला पट्टी मोकळी होती.
रेडिओवर कोणी शाबास म्हणालं नाही.
वहीत लिहिलं: एक तास अठ्ठावन्न मिनिटं.
दोन तास लिहिता आले असते,
त्या दोन मिनिटांपाशी पेन जरा थांबला होता.

बाहेर भाऊ चाकांना ठोकळे लावत होते.
वाकले की त्यांचा खिसा लोंबतो,
आणि ते डाव्या हाताने
तो वरून धरून ठेवतात.